पाडलेल्या स्मारकासाठी अश्रू कोणाचे?

पोलंडची यात्रा करून आलेले आमच्या परिचयाचे एक सद्‌गृहस्थ परवा भेटले. चेंस्तोहोवाच्या काळ्या मातेचे दर्शन घेऊन ते उत्तरेस ऑल्श्टिनेक या लहानशा गावी गेले होते. तेथील नगरभवनासमोर दगडी सिंहाचा एक पुतळा आहे. त्याचे छायाचित्र माझ्यापुढे ठेवून ते कळवळून म्हणाले, "फादर, येथे हजारो शूर सैनिकांचे भव्य स्मारक होते, आणि साम्यवाद्यांनी ते दगड दगड करून नेले. मृतांचीसुद्धा ह्यांना लाज नाही!" अशा आशयाचे उद्गार मी इतरांकडूनही ऐकले आहेत, आणि ते काढणारी माणसे सज्जन असतात. म्हणूनच त्यांचा प्रतिवाद केला पाहिजे.

सिंह ज्या वास्तूतून आला ते टॅननबर्गचे जर्मन युद्धस्मारक. ऑल्श्टिनेकचे त्या वेळचे नाव होहेनश्टाइन आणि प्रांत पूर्व प्रशिया. ऑगस्ट १९१४ च्या अखेरच्या दिवसांत हिंडेनबुर्ग आणि लुडेनडॉर्फ यांच्या सैन्याने तेथे रशियाच्या दुसऱ्या सेनेचा संपूर्ण विध्वंस केला. रशियन सेनापती सॅमसोनोव्ह याने रानात स्वतःवर गोळी झाडून घेतली. विजय मोठा होता, पण त्याला दिलेले नाव लबाडीचे होते. टॅननबर्ग हे खेडे मुख्य रणधुमाळीपासून सुमारे ३० किलोमीटर दूर होते. तरीही तेच नाव निवडले गेले, कारण १४१० साली त्याच परिसरात पोलंड आणि लिथुआनिया यांच्या संयुक्त सैन्याने ट्यूटॉनिक सरदारांच्या धार्मिक संघाचा पराभव केला होता. पाचशे वर्षांपूर्वीच्या पराजयाचा सूड उगवल्याचे समाधान जर्मनांना हवे होते. हा संघ आपल्याच पवित्र सभेचा होता आणि त्याला धूळ चारणारा राजा यागिएल्लो हाही कॅथलिकच होता, हे आपण विसरू नये. पांढऱ्या झग्यावर काळा क्रूस मिरवणाऱ्यांनी तलवारीने जो धर्मप्रसार केला, त्याचे समर्थन माझ्याकडून तरी होणार नाही.

३१ ऑगस्ट १९२४ रोजी कोनशिला बसली आणि १८ सप्टेंबर १९२७ रोजी राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांच्या हस्ते उद्घाटन झाले. वाल्टर आणि योहान्नेस क्रूगर या बंधूंनी अष्टकोनी तटबंदीत वीस मीटरांहून उंच असे आठ बुरूज उभे केले होते. मधल्या प्रांगणात एक मोठा क्रूस आणि त्याखाली वीस अनामिक सैनिकांची थडगी. वास्तूचे हृदय म्हणायचे तर तेच. पण उद्घाटनाच्या दिवशी काय घडले? हिंडेनबुर्ग यांनी युद्धाची जबाबदारी जर्मनीवर नाहीच, असे ठणकावून सांगितले. धर्मगुरूंनी प्रार्थना केल्या. यहुदी रब्बीला मात्र बोलू दिले नाही. त्या महायुद्धात जर्मनीसाठी सुमारे बारा हजार यहुदी सैनिक मरण पावले होते. क्रूसाखालच्या त्या वीस अनामिकांत एकही यहुदी नव्हता, हे कोणी सांगावे? अनामिक म्हणजे ज्याचे नाव ठाऊक नाही तो. आणि व्यासपीठावर आपले धर्मबंधू उभे होते, ही गोष्ट माझ्या मनाला अधिक झोंबते.

पुढे १९३४ च्या २ ऑगस्टला हिंडेनबुर्ग वारले. घरच्या दफनभूमीत पत्नीच्या शेजारी विसावा मिळावा, अशी त्यांची इच्छा होती. हिटलरने ती मानली नाही. ७ ऑगस्टला टॅननबर्गच्या प्रांगणात प्रचंड सोहळा झाला. एका प्रॉटेस्टंट ख्रिस्ती वृद्धाच्या शवपेटीसमोर उभे राहून हिटलरने त्यांना निरोप दिला तो प्रभूच्या राज्याचा नव्हे, वाल्हालाचा. म्हणजे जुन्या जर्मन दैवतकथांतील वीरांच्या महालाचा. पुढच्या वर्षी प्रांगण खोदून खाली घेतले गेले, मधला क्रूस काढण्यात आला आणि वीस अनामिक सैनिकांना बाजूला सारून सेनापतींच्या कबरीला मानाचे स्थान देण्यात आले. २ ऑक्टोबर १९३५ रोजी हिटलरने ह्या वास्तूला राष्ट्राचे सन्मानस्मारक म्हणून घोषित केले.

माझ्या मते स्मारक पाडले गेले ते त्या वर्षी. भिंती उभ्या होत्या, बुरुजांवर पहारेकरी होते, सहली येत होत्या; पण ज्यांच्यासाठी म्हणून ते बांधले होते ते शिपाई आपल्याच घरातून हाकलले गेले होते. साम्यवाद्यांवर दात खाणाऱ्यांनी हे आधी ध्यानात घ्यावे.

आणि सुरुंग तरी पहिला कोणी लावला? जानेवारी १९४५ मध्ये सोव्हिएत सेना जवळ येताच हिटलरच्या आदेशावरून जर्मन सैन्यानेच हिंडेनबुर्ग दांपत्याच्या शवपेट्या हलवल्या आणि वास्तूचा महत्त्वाचा भाग उडवून दिला. पोलिश अधिकाऱ्यांनी १९४९ पासून जे हलवले ते अवशेष होते. ज्या पोलिश लोकांचे क्राकूवमधील ग्रुनवाल्डचे स्मारक (१९१० साली उभारलेले, याच १४१० च्या विजयाचे) जर्मनांनी आक्रमणानंतर जमीनदोस्त केले होते, त्यांनी टॅननबर्गचे बुरूज सांभाळून ठेवावेत, ही अपेक्षा करणारे आपण कोण?

तथापि पोलंडच्या त्या वेळच्या राज्यकर्त्यांना मी निर्दोष ठरवीत नाही. त्यांनी इथला ग्रॅनाइट वॉर्सातील पक्षाच्या मुख्यालयासाठी नेला आणि ऑल्श्टिनमधील सोव्हिएत सेनेच्या कृतज्ञतास्मारकासाठीही वापरला. ह्या दुसऱ्या स्मारकाला तेथील लोक 'फाशीचे खांब' म्हणतात. एका सत्तेच्या गर्वाचा दगड दुसऱ्या सत्तेच्या गर्वाला लागला, इतकेच. पक्षाच्या त्या मुख्यालयात १९९१ साली शेअर बाजार भरू लागला, हा काळाचा विनोद कोणाला सुचला असता?

आमच्या मित्रांचा शेवटचा मुद्दा असा, की निदान मृतांची शांती तरी भंगायला नको होती. मान्य. पण ती कुणी भंगली, ह्याचे उत्तर वर आले आहे. हिंडेनबुर्ग यांची शवपेटी बेर्नटेरोडच्या मिठाच्या खाणीत दडवलेली १९४५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकन सैनिकांना सापडली, आणि १९४६ च्या ऑगस्टमध्ये मारबुर्गच्या संत एलिझाबेथच्या मंदिरात तिला जागा मिळाली. हे मंदिर १२३५ साली बांधावयास घेतले ते ट्यूटॉनिक संघानेच. पण ज्या राजकन्येच्या कबरीवर ते उभे राहिले तिने वैधव्यानंतर वैभव सोडले, ह्याच गावी रुग्णालय काढले, रोग्यांची सेवा स्वतःच्या हातांनी केली आणि १२३१ साली अवघ्या चोविसाव्या वर्षी देह ठेवला. आज ते मंदिर लुथरन बंधूंकडे आहे.

आमच्या सद्‌गृहस्थांना मी एवढेच सुचवले आहे, की पुढच्या खेपेस सिंहाचे छायाचित्र काढण्याऐवजी त्यांनी मारबुर्गला जावे. एलिझाबेथचा सुवर्णमंडित अस्थिकलश पाहायला माणसे येतात. सेनापतींची कबर तेथेच उत्तरेच्या मनोऱ्याखाली आहे, मात्र अंधारात असल्यामुळे ती थोडी शोधावी लागेल.