३.७५ ही चव नाही

जर्मन पद्धतीच्या हेफेवाइत्सन बिअरला दोन तारे देऊन कुणीतरी लिहितं, ‘केळ्याचा वास येतोय.’ अरे, येणारच! त्या बिअरचं यीस्टच तो वास तयार करतं, सोबत लवंगेचाही. पुरणपोळीला ‘गोड आहे’ म्हणून नापास करण्यातला हा प्रकार.

अनटॅप्ड या अ‍ॅपवर पाव-पाव ताऱ्याच्या फरकाने पाचपैकी गुण देता येतात. काटा इतका बारीक, पण तोलायचं काय, हे ज्याचं त्याने ठरवायचं. बीजेसीपीचे परीक्षक ५० पैकी गुण देतात: चवीला २०, वासाला १२, दिसण्याला फक्त ३. आणि मुळात बघतात की बिअर कुठल्या प्रकारची आहे. आपण नेमकं हेच गाळतो. मग नितळ, हलक्या लागरला ३.२५ आणि दहा टक्के अल्कोहोलच्या स्टाउटला ४.५. लागर वाईट नसते हो, ती फक्त आरडाओरडा करत नाही. पण नवं गिऱ्हाईक आकडाच बघतं, आणि भोगते छोटी ब्रुअरी.

आमच्याकडे नुसतं ‘चालत नाही’ लिहिलेला बग परत पाठवतात. काय अपेक्षित होतं, काय झालं, सांगावं लागतं. बिअरबद्दलही तेवढंच सांगा. नळाची की कॅनमधली? किती जुनी? आयपीएतला हॉप्सचा वास दिवसागणिक उडत जातो. जुना कॅन पिऊन ब्रुअरला शिव्या कसल्या देता?

कडू, तुरट, आंबूस, करपट. मराठीत शब्दांचा दुष्काळ नाही. आधी ते वापरा, तारे नंतर.