मुहूर्त टळला तरी चालेल

चैत्र-वैशाख हे वऱ्हाडात लग्नसराईचे दिवस, वळिवाचेही तेच. अकोल्याहून अमरावतीला निघालेले कुटुंब मूर्तिजापूर ओलांडते आणि समोर आभाळ काळवंडून धुळीची भिंत उभी राहते. जून २०२२ मध्ये याच दोन शहरांदरम्यान ७५ किलोमीटर डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून विश्वविक्रम झाला. रस्ता वेगवान झाला. वाऱ्याशी शर्यत मात्र आजही जिंकता येत नाही.

अमेरिकेत ३१ मे २०१३ रोजी एल रेनो येथील चक्रवाताने टिम समारास यांचा त्यांच्या मोटारीतच बळी घेतला. चक्रवातांचा अभ्यास हेच त्यांचे जीवितकार्य होते. जाणकाराची ही गत, तर आपण कोणत्या भरवशावर गाडी दामटावी?

आपल्याकडे असा चक्रवात विरळा. वादळी ढगातून थंड हवा जमिनीवर आदळते आणि चहूकडे पसरते. तो झोत झाडे उन्मळून टाकतो. तेव्हा मनुष्य जवळचा आडोसा शोधतो आणि तेथेच फसतो. ९ एप्रिल २०२३ रोजी अकोला जिल्ह्यातील पारस येथे बाबूजी महाराज संस्थानात वादळी पावसामुळे भाविक पत्र्याच्या शेडखाली थांबले होते. कडुनिंबाचा मोठा वृक्ष त्या शेडवर कोसळला. सात जण दगावले. १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपरच्या पेट्रोल पंपावर अवाढव्य जाहिरात फलक पडून सतरा जणांचे प्राण गेले.

म्हणून आडोसा जवळचा नको, पक्का हवा. निघण्यापूर्वी नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा इशारा आणि मोबाईलवरील ‘दामिनी’ पाहावे. वळीव बहुधा दुपारनंतर येतो. प्रवास सकाळीच उरकावा. धूळ दिसताच दिवे लावून वेग कमी करावा आणि गावातील पक्की इमारत गाठावी. ती नसेल तर डांबरी रस्त्यापासून दूर, झाडे, फलक व विजेचे खांब टाळून गाडी मोकळ्या जागी उभी करावी. काचा बंद, पट्टे बांधलेले. पत्र्याच्या बंद मोटारीत विजेपासून बरेच संरक्षण मिळते. झाडाखाली उलट धोका वाढतो. गाडीवर तार पडल्यास आतच बसून मदत मागावी. उड्डाणपुलाखाली थांबू नये. तेथे वारा अधिक जोराने घुसतो आणि मागच्यांची वाटही अडते.

हे सारे कळूनही गाडी थांबत नाही, कारण मागच्या आसनावरून कोणीतरी म्हणते, “मुहूर्त टळेल, जरा जोरात घ्या!” ज्याच्या शब्दाला घरात मान आहे, त्या वडीलधाऱ्यानेच अशा वेळी म्हणावे, “थांबव रे बाबा. अक्षता उशिरा टाकू.” मांडवातील मंडळी तासभर वाट पाहतील. कार्याच्या घरी अशुभ वार्ता पोहोचण्यापेक्षा तो तास केव्हाही बरा.