गझालींनी तत्त्वज्ञान संपवले?
‘गझालींनी इस्लामी तत्त्वज्ञान संपवले’ हे वाक्य फारच स्वस्त झाले आहे. १०९५ मधील ‘तहाफुत अल-फलासिफा’त त्यांनी तत्त्वज्ञांची २० मते तपासली, धर्मबाह्य ठरवली ती तीनच : विश्व अनादी मानणे, ईश्वराला एकेका घटनेचे ज्ञान नसणे आणि सदेह पुनरुत्थान नाकारणे. तर्कशास्त्र तर पुढे त्यांनी स्वतःच्याच विधिग्रंथाच्या आरंभी घेतले! कोर्दोबाचे काझी इब्न रुश्द यांचे उत्तरही काझीला शोभणारे : सृष्टीचे चिंतन करा, असे कुराणच सांगते, म्हणून पात्र व्यक्तीला तत्त्वज्ञान हे कर्तव्यच. वाच्यार्थ सिद्ध प्रमाणाशी जुळेना, तर लक्ष्यार्थ घ्यावा. ईश्वरी वाणी दोघांनाही शिरोधार्य. माझ्या मते खरा वाद तिचा अर्थ कोणी लावावा, याचा. आणि ग्रंथदहनच शोधायचे, तर ११०९ मध्ये त्याच कोर्दोबात जाळला गेला तो गझालींचा ‘इह्या’.