किल्ली कुणाच्या खिशात?

कार्यालयातील संगणकावर केवळ परवलीच्या शब्दाने प्रवेश मिळण्याचे दिवस सरत आले आहेत. पासवर्डपाठोपाठ मोबाइलवर आलेली सूचना मान्य करावी लागते किंवा सहा आकडी संकेतांक भरावा लागतो. हा दुहेरी पडताळा पूर्वी संस्थेच्या आवारातील यंत्रावर होई. आता तो बहुधा एखाद्या बड्या कंपनीच्या ‘क्लाउड’मधून, दरमहा दरमाणशी भाड्याने घेतला जातो. ही सुरक्षा हवी की नको, हा वाद उरलेला नाही. २०२४च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील चेंज हेल्थकेअर या कंपनीच्या ज्या दारातून चोर आत शिरले, त्याला हे दुसरे कुलूपच नव्हते. सुमारे १९ कोटी लोकांची माहिती त्या एका हल्ल्यात सापडली आणि दवाखान्यांची देयके कित्येक आठवडे अडली.

वाद आहे तो निराळाच. संस्थांचे चालक विचारतात, खर्च किती आणि व्यवस्था बसवायला दिवस किती? फोन कुणाचा, हे मात्र कुणी विचारीत नाही. कारखान्याच्या फाटकाची किल्ली कामगाराने पदरच्या पैशाने करून आणावी, असे कोणत्याही मालकाने आजवर म्हटले नव्हते. आज कंत्राटी कारकुनाकडून नेमकी तीच अपेक्षा बाळगली जाते. त्याचा फोन जुना असेल, त्यावर ते ॲप चालत नसेल, रिचार्ज संपला असेल, तर हजेरी त्याची बुडते. केवळ पडताळ्याच्या ॲपमुळे साहेबांना त्याचे खासगी संदेश वाचता येत नाहीत, हे खरे. पण त्याच्या जोडीला फोन ‘व्यवस्थापित’ करणारी प्रणाली पुष्कळदा येते, आणि तिच्याद्वारे फोनमधील मजकूर दुरून पुसूनही टाकता येतो. संमती घेण्यापूर्वी हा फरक कर्मचाऱ्याला मराठीत समजावून सांगणारी कार्यालये किती निघतील?

चूक झाली की खापरही त्याच्याच माथी. २०२२च्या सप्टेंबरमध्ये उबर कंपनीच्या एका कंत्राटदाराचा पासवर्ड चोरट्याच्या हाती लागला. त्याच्या फोनवर मान्यतेच्या सूचनांचा मारा झाला आणि अखेर त्याने एक मान्य केली. माणूस थकतो, हे गृहीत न धरणाऱ्या व्यवस्थेचा तो दोष होता. संगणकाला जोडण्याची स्वतंत्र सुरक्षा-किल्ली असती, तर असा मारा करताच आला नसता. अशी किल्ली संस्थेने स्वतः विकत घेऊन देणे मुळीच अवघड नाही. साहेबांच्या खुर्चीला याहून अधिक खर्च येतो.

आणि भाड्याचे कुलूप आतूनच अडकले तर? १९ नोव्हेंबर २०१८ रोजी मायक्रोसॉफ्टची ही सेवा सुमारे चौदा तास कोलमडली. पासवर्ड ठाऊक असूनही अनेक देशांतील कर्मचारी दाराबाहेर राहिले. तो निदान बिघाड होता. २०२५च्या जुलैमध्ये वाडिनार येथे तेलशुद्धीकरण कारखाना असलेल्या नायरा एनर्जीच्या सेवा त्याच कंपनीने बंद केल्या, त्या युरोपीय महासंघाच्या निर्बंधांमुळे. नायरातील रशियन भांडवल हा स्वतंत्र चर्चेचा विषय आहे. परंतु भारतीय कायद्याने मना न केलेला व्यवहार परदेशातील निर्णयाने थांबला आणि दिल्ली उच्च न्यायालयात धाव घ्यावी लागली. सेवा नंतर सुरू झाली, एवढ्यावर निश्चिंत राहणे भाबडेपणाचे होईल.

म्हणून करारावर सही करण्यापूर्वी प्रत्येक सहकारी बँकेने, विद्यापीठाने आणि नगरपालिकेने क्लाउड बंद पडल्यास वापरायची दोन राखीव खाती ठेवावीत आणि त्यांचे संकेतांक कागदावर लिहून तिजोरीत ठेवावेत. पुरवठादार बदलण्याचा हक्क करारात स्पष्ट लिहून घ्यावा. कर्मचारी संघटनांनीही पुढील वेतनकराराच्या बोलण्यांत फोनच्या खर्चाचे कलम मांडावे आणि ज्याला खासगी फोन वापरायचा नाही, त्याला कार्यालयाकडून किल्ली मिळेल, हे लेखी घ्यावे.