पापणी लवण्याआत शेक



मागच्या आठवड्यात आमच्या मजल्यावरच्या एक बाई घरी आल्या. त्यांच्या यजमानांना कॅन्सरसाठी रेडिएशन सांगितलं आहे. एका हातात कुपात-होलिमचा कागद, दुसऱ्या हातात नातवाने छापून दिलेला. म्हणाल्या, "सिस्टर, 'फ्लॅश' नावाचा नवीन शेक निघालाय म्हणे, एका क्षणात होतो. त्याच्यासाठी थांबायचं का?"

नेहमीचा शेक रोज थोडा थोडा, कित्येक आठवडे देतात. गाठ मरते, पण आजूबाजूची चांगली कातडीही भाजते. अशा कातडीला ड्रेसिंग करताना माझेच हात थरथरायचे, म्हणून बाईंची आशा मला कळली.

२०१४ साली फ्रान्सच्या क्युरी इन्स्टिट्यूटमधल्या शास्त्रज्ञांना उंदरांमध्ये दिसलं, की डोस अतिवेगाने दिला तर गाठीवर मार तितकाच बसतो, पण फुप्फुसाला इजा कमी होते. असं का होतं, यावर अजून एकमत नाही.

माणसाला पहिल्यांदा हा शेक दिला तो २०१८ साली, स्वित्झर्लंडमध्ये लोझानच्या इस्पितळात. ७५ वर्षांचे गृहस्थ, कातडीचा लिम्फोमा, साडेतीन सेंटिमीटरची गाठ. सगळा डोस ९० मिलिसेकंदांत! मुलांनो, पापणी लवायलाही साधारण याहून जास्त वेळ लागतो. गाठ गेली, कातडी थोडीशीच लाल झाली.

पण २०२२ साली तिथल्याच डॉक्टरांनी एका रुग्णाच्या दोन गाठींची तुलना छापली. एकीला फ्लॅश, दुसरीला नेहमीचा शेक. कातडीत फरक दिसला नाही. अमेरिकेत सिनसिनाटीला हाडांत पसरलेल्या कॅन्सरच्या १० रुग्णांना प्रोटॉनचा फ्लॅश दिला. १२ जागांपैकी ८ जागी दुखणं कमी झालं किंवा थांबलं. चांगलंच आहे, पण नेहमीच्या शेकानेही साधारण एवढा आराम पडतो.

शिवाय लोझानला वापरलेले इलेक्ट्रॉन काही सेंटिमीटरच आत जातात. पोटातल्या खोल गाठीसाठी वेगळं यंत्र लागतं, त्यावर जिनिव्हाच्या सर्न संस्थेबरोबर काम चालू आहे. आणि मला नर्स म्हणून आणखी एक काळजी वाटते. नेहमीच्या शेकात रुग्ण खोकला, हलला तर मशीन बंद करतात. इथे बटणापर्यंत हात जायच्या आत सगळं आटोपलेलं!

बाईंना मी म्हटलं, "थांबू नका हो. गाठ काही थांबायची नाही."

त्यांना रविवारची तारीख मिळाली आहे. मीही बरोबर जाणार आहे. तोवर बजावून ठेवलंय, शेकाच्या जागेवर आपल्या मनाने खोबरेल तेल चोळायचं नाही. मलम कोणतं ते तिथेच विचारू.