बाप ढोसून येतो तेव्हा चळवळ कुठं असते?



मोर्च्यात शेवटपर्यंत घोषणा देणारं पोरगं मोर्चा पांगल्यावरही मैदानातच का रेंगाळतं, हे आपण कधी विचारलंय? त्याला घरी जायचं नसतं. घरी बाप ढोसून बसलेला, माय मार खातेय, आणि पोराला वाटतं हे सगळं आपल्यामुळंच.

मी गोदीत मजुरी करतो. पाळी सुटली की माणसं गुत्त्याकडं कशी वळतात ते रोज बघतो. पिळवणूक त्यांना मोडते, कबूल. पण मुकादमाचा राग बायकापोरांवर काढायचा परवाना कुणी दिला? व्यवस्थेचं नाव पुढं करून बापाचा हात माफ करायचा धंदा आपण आता बंद करावा.

माझं गाव देवरूख. तिथं 1954 साली इंदिराबाई हळबे या विधवा बाईनं दोन खाटांचं प्रसूतिगृह काढलं. त्यातून मातृमंदिर उभं राहिलं, निराधार मुलींसाठी 'गोकुळ' झालं. 1998 साली मावशी गेल्या. आडनाव ऐकून आपल्यातल्या काहींच्या कपाळाला आठ्या पडतील. पडू द्यात. आपल्या वस्तीत अशा पोरीबाळींसाठी एक तरी दार उघडं आहे का, तेवढं सांगा. विहाराला तर संध्याकाळीच कुलूप लागतं.

ती किल्ली भरवशाच्या एखाद्या बाईकडं द्या. एक दिवा, दोन चटया, बस्स. पोरगं आलं तर आधी चहा पाजा, उलटतपासणी नको. बोललं तर ऐका. 'बाप आहे, सोसायचं' असलं शहाणपण शिकवू नका. त्याला सरळ सांगा, बाबा रे, बाप पितो यात तुझा काही गुन्हा नाही. मारामारीत मध्ये पडू नको. दप्तर उचल, धाकटीला घे आणि इकडं ये. जिवावर बेतलं तर 1098 फिरवा. 1996 साली मुंबईत सुरू झालेला हा मुलांचा नंबर, पैसा पडत नाही, रात्री-अपरात्रीही चालतो. जीव नकोसा झाला तर 14416, सरकारचं 'टेलिमानस', 2022 पासूनचं. दोन्ही नंबर विहाराच्या भिंतीवर निळ्या रंगात ठळक लिहा.

आणि 'घरातलं बाहेर सांगू नये' म्हणणाऱ्यांना विचारा, आपल्या रत्नागिरीच्या उर्मिला पवारांनी 2003 साली 'आयदान'मध्ये घरातलं लिहिलं, त्यानं समाजाची अब्रू गेली का?

पुढच्या अंकासाठी असंच लिहून पाठवा. कविता नसली तरी चालेल, शुद्धलेखन आम्ही बघू. नाव नको असेल तर छापणार नाही.