जव्हारला महाबळेश्वर म्हणू नका!

पावसाळा तोंडावर आला की नातेवाईक आणि मित्रमंडळींकडून एक प्रश्न हमखास येतो. "काय रे, ते ठाण्याचं महाबळेश्वर एका दिवसात उरकतं का?" एका वाक्यात किती चुका असाव्यात! एक तर जव्हार आता ठाण्यात नाही. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला, जव्हार आणि मोखाडा तिकडे गेले. दुसरं म्हणजे गाव हे काही उरकायची गोष्ट नव्हे. आणि तिसरं, ज्यावर आज मला मनसोक्त भांडायचं आहे ते म्हणजे, ते महाबळेश्वर नाही हो!

उंचीचंच बघा. महाबळेश्वर साधारण १३५० मीटरवर, जव्हार जेमतेम साडेचारशेवर. मे महिन्यात जव्हारात चांगला घाम येतो. पण उंची राहू द्या बाजूला. महाबळेश्वरचं देवस्थान जुनं असलं, तरी 'हिल स्टेशन' हा प्रकार तिथे साहेबाने आणला. १८२९ च्या आसपास गव्हर्नर माल्कमने उन्हाळ्यात गारव्याला जायची सोय केली. म्हणून तर तिथले पॉइंट आर्थरचे, एल्फिन्स्टनचे, विल्सनचे.

जव्हारची गोष्टच वेगळी. ते कुणा साहेबाच्या गारव्यासाठी वसवलेलं नाही. ती राजधानी होती! मुकणे घराण्याची, म्हणजे महादेव कोळी राजांची. चौदाव्या शतकापासून ते १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत, सुमारे सहाशे वर्षं. इंग्रजी अमदानीत या संस्थानाला नऊ तोफांची सलामी होती. नगरपालिका १९१८ ची. आदिवासी राजघराण्याने इतका काळ टिकवलेलं राज्य, आणि आपण त्याला म्हणायचं काय, तर "मिनी महाबळेश्वर"! उद्या कुणी तुमच्या आजोबांची ओळख "शेजारच्या काकांची छोटी आवृत्ती" अशी करून दिली तर चालेल का?

नावात काय आहे, असं म्हणाल. नावात पुष्कळ आहे. एकदा महाबळेश्वर म्हटलं की माणूस तिथे जाऊन महाबळेश्वरच शोधतो. घोडे कुठे आहेत? मार्केट कुठे आहे? सनसेट पॉइंट झाला, हनुमान पॉइंट झाला, जयविलास राजवाड्यासमोर फोटो झाला, आता पुढे काय? "तिथे काही नाही रे" असं सांगत गाडी संध्याकाळी घोडबंदरला परत. जे आहे ते दिसतच नाही, कारण ते शोधलेलंच नसतं.

शिरपामाळ घ्या. सुरतेच्या स्वारीला जाताना १६६४ साली शिवाजी महाराज इथे थांबले, राजा विक्रमशाहाची भेट झाली, शिरपेचाचा मान झाला आणि म्हणून हा शिरपामाळ, अशी परंपरा सांगतात. सेल्फीपुरती एवढी गोष्ट पुरते. पण आठच वर्षांनी, १६७२ मध्ये, मोरोपंत पिंगळ्यांनी हेच जव्हार जिंकून घेतलं, हे किती जणांना ठाऊक असतं? मोठ्या सत्तांच्या वाटेवरच्या लहान राज्याला काय काय सोसावं लागतं, हे त्या माळावर उभं राहून समजून घेण्यासारखं आहे. त्याला दहा मिनिटं पुरत नाहीत.

आणखी एक गोष्ट, जुन्या गॅझेटिअरमधली. जव्हार आधी एका वारली नाईकाकडे होतं म्हणे. कोळी सरदाराने त्याच्याकडे फक्त एका बैलाच्या कातड्यात मावेल एवढी जमीन मागितली. नाईक हो म्हणाला. मग त्या कातड्याच्या बारीक वाद्या काढल्या, एकापुढे एक जोडल्या आणि त्यात सगळा डोंगर घेरला! कार्थेजची राणी डायडो हिच्याबद्दलही अगदी हीच कथा सांगतात. कुठे आफ्रिकेचा किनारा आणि कुठे जव्हार... पण थोडीशी जागा मागून सगळं घेणारी माणसं सगळीकडे असावीत. मला भीती वाटते ती या कातड्याची. आज "थोडीशी जागा, छोटंसं रिसॉर्ट", उद्या कुंपण, परवा ओढ्यावर जायची वाट बंद. कायदा तसा आहे. आदिवासींची जमीन बिगर-आदिवासींना सहजासहजी घेता येत नाही, आणि १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला अधिकार दिलेत. पण वाद्या काढणारे हात कायद्यापेक्षा चपळ असतात.

आणि ज्या महाबळेश्वरचा एवढा हेवा, त्याचं काय झालं? बांधकामं आणि गर्दी इतकी वाढली की २००१ साली महाबळेश्वर-पाचगणी पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर करावं लागलं. म्हणजे ज्याला स्वतःलाच वाचवावं लागलं, त्याचा कित्ता आपण जव्हारने गिरवावा म्हणतो!

आता मोखाड्याकडे वळू. सूर्यमाळचे फोटो बघून "स्वर्ग" म्हणणाऱ्यांनी एकदा एप्रिलमध्ये जाऊन यावं. इथे पाऊस धो धो पडतो, आणि उन्हाळ्यात पाड्यांवर बायका हंडे घेऊन टँकरची वाट बघतात. याच तालुक्यात मध्य वैतरणा धरण आहे, १०२ मीटर उंचीचं. २०१४ पासून त्याचं पाणी मुंबईला जातं, दिवसाला ४५५ दशलक्ष लिटर. तेव्हा मुंबईकरांनो, नळ सोडलात की त्यात थोडा मोखाडा असतोच. निदान तिथे जाऊन बिसलरीच्या रिकाम्या बाटल्या तरी टाकू नका!

गंमत अशी की हीच आपली माणसं इंग्लंडात लडलोसारख्या बाजारपेठेच्या गावी गेली की कशी शहाण्यासारखी वागतात. किल्ल्याचं तिकीट काढतात, शेतातल्या पायवाटेवरून रांगेने चालतात, फाटक उघडलं तर लावून घेतात, गावातल्याच दुकानात चहा पितात. तोच माणूस दाभोशाच्या धबधब्यावर स्पीकर लावतो. म्हणजे शिस्त येत नाही असं नाही. कुणासमोर पाळायची, एवढंच आपलं ठरलेलं असतं.

धबधब्यांचं तर वेगळंच. २ जुलै २०२० ला काळमांडवीला जव्हारचीच पाच तरुण मुलं बुडाली. दोघं घसरली, त्यांना वाचवायला बाकीच्यांनी उड्या टाकल्या. पाण्याची ओढ स्थानिकांनाही कळत नाही, तिथे आपण कोण? असं काही घडलं की बंदीचा आदेश निघतो. आदेश काढायला खर्च नसतो. दोर, कठडा, सूचनेचा फलक, गावातलीच चार प्रशिक्षित पगारी मुलं, याला खर्च असतो.

"पण पर्यटनाने रोजगार येतो त्याचं काय?" हा प्रश्न मात्र योग्य आहे आणि तो मी टाळणार नाही. १९९२-९३ साली वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी सगळा महाराष्ट्र हादरला होता. अजूनही दिवाळी झाली की कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात. तिथे पैसा जायलाच हवा. माझं भांडण पर्यटकांशी नाहीच, पैसा कुणाच्या खिशात जातो त्याच्याशी आहे. मुंबईच्या मालकाच्या रिसॉर्टात आदिवासी मुलगा वेटर होणं, हा रोजगार खरा. पण तोच मुलगा भूपतगडाची वाट दाखवतो, त्याच्या घरी नागलीची भाकरी मिळते आणि वाहनतळाची पावती ग्रामसभा फाडते, यात फरक आहे की नाही?

म्हणून म्हणतो, जा. जरूर जा. पण पूर ओसरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात जा. गावातला वाटाड्या घ्या आणि घासाघीस करू नका. वारली चित्र मॉलमधून नको, काढणाऱ्याच्या हातून घ्या. होळीनंतर मोखाड्याला बोहाडा असतो, देवादिकांचे आणि राक्षसांचे मुखवटे घालून सोंगं नाचतात. तो बघायला जाल तर फ्लॅश बंद करून एका कडेला बसा, कारण तो शो नाही, देवीचा उत्सव आहे.

आणि परत आल्यावर कुणी विचारलं, "कुठे गेला होतात?" तर सरळ सांगा, जव्हारला. पुढे कुठलंही विशेषण लावू नका. सहाशे वर्षं त्या नावावाचून काही अडलं नव्हतं.